मृदंगाची शिकवणी : गुरू कसा पाहावा, विद्या कशी घ्यावी

कार्तिकीची वारी आटोपून मंडळी घरी परतली, म्हणजे गावोगावच्या भजनी मंडळांत एक प्रश्न हटकून निघतो. ‘पोराला मृदंग शिकवायचा आहे, बुवा कोणता पाहावा?’ उत्तरही ठरलेलेच असते. जो जवळच्या गावी राहतो तो, नाहीतर गेल्या सप्ताहात ज्याने वाजवून मांडव दणाणून सोडला तो. अहो, बैल घ्यावयाचा झाला तर आपण बाजारात त्याचे दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि तरीही चौघांना विचारल्यावाचून पैसे मोजीत नाही. मग ज्याच्या हाती मुलाची पाचसहा वर्षे द्यावयाची, त्याच्याविषयी दोन गोष्टी विचारावयास संकोच का वाटावा?

या लेखात मृदंगाचीच शिकवणी डोळ्यांपुढे ठेविली आहे. आपण ज्याला मृदंग म्हणतो त्यालाच गवई मंडळी पखवाज म्हणतात. दक्षिणेकडचा मृदंगम् तो निराळा. गळ्याच्या शिकवणीविषयी ओघाने येईल तेवढेच सांगू.

प्रथम मनातली एक अढी काढून टाकू. ‘गुरूची परीक्षा घेणारे आपण कोण?’ असे पुष्कळ भाविक म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आचार्योपासनेचे जे विस्तृत निरूपण आहे त्याचा ते दाखला देतात. निरूपण फार थोर आहे, यात शंका नाही. पण ते भवसागरातून पार नेणाऱ्या सद्गुरूविषयी आहे. तालाच्या मात्रा शिकविणाऱ्या बुवांना आपण नमस्कार करावा, त्यांची सेवा करावी, त्यांच्या पुढे पाय पसरून बसू नये, हे सर्व खरे; तथापि त्यांचा हात कसा आहे आणि शिकविण्याची रीत कशी आहे हे आधी पाहण्याने कोणताही गुरुद्रोह होत नाही. शिवाय गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याचे जे तीन मार्ग सांगितले आहेत, त्यांत नमस्कार आणि सेवा यांच्या बरोबर मधोमध प्रश्न विचारणे ठेविले आहे. आपल्याकडे पहिला आणि तिसरा मार्ग लोक उत्तम पाळतात. मधला मात्र विसरतात.

आता बुवांकडे जाण्यापूर्वी आपल्याच घरात एक गोष्ट ठरवावी. मुलाला मृदंग कशासाठी शिकवावयाचा? गावच्या हरिपाठाला आणि काकड्याला साथ व्हावी एवढीच इच्छा असेल, तर भजनी ठेका, धुमाळी, दादरा, केरवा हे ताल स्वच्छ वाजविणारा आणि चाल ओळखणारा गावातलाच वडीलधारा मृदंगी पुरेसा आहे. त्यासाठी दर आठवड्यास मोटारीने तालुक्याला जाण्याची गरज नाही. कीर्तनात साथीला उभे राहावयाचे असेल, तर ज्याने स्वतः कीर्तनाची साथ वर्षानुवर्षे केली आहे असाच गुरू पाहिजे. कारण कीर्तनकार चाल केव्हा उचलील, गजर केव्हा वाढवील, बोलता बोलता हात केव्हा वर करील हे पुस्तकात लिहिलेले नसते. आणि मुलाने स्वतंत्र वादन करावे, संगीताच्या परीक्षा द्याव्यात अशी उमेद असेल, तर चौताल, धमार, सूलताल, तेवरा यांची पद्धतशीर तालीम देणारा गुरू पाहावा लागेल. या तीन वाटांपैकी आपली कोणती हे ठाऊक नसेल, तर चांगल्या बुवांकडे जाऊनही मुलाचा वेळ फुकट जातो आणि दोष बुवांना लागतो.

परीक्षांविषयी एक शब्द. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ 1931 साली स्थापन झाले. त्याच्या प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा परीक्षा आहेत. त्यांत पखवाजही आहे. परीक्षेमुळे अभ्यासाला शिस्त लागते, मुलाला ठेका लिहिता येतो, दुगुन-चौगुन हिशेबाने समजते. हा लाभ लहान नाही. परंतु विशारदाचा कागद हाती असलेला वादक हरिपाठाला बसला आणि चाल बदलताच गोंधळला, असे पुष्कळदा दृष्टीस पडते. उलट कागद नसलेला म्हातारा मृदंगी डोळे मिटून शंभर टाळकऱ्यांना एका लयीत धरून ठेवतो. म्हणून भिंतीवरचे प्रमाणपत्र जरूर वाचावे, पण तेवढ्यावर हात जोडू नयेत.

परंपरेचेही तसेच. महाराष्ट्रातल्या मृदंगवादनावर इंदूरचे नानासाहेब पानसे यांचा ठसा फार मोठा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या या थोर वादकाचे शिष्य-प्रशिष्य सर्वदूर पसरले. बुवा कोणाचे शिष्य, त्यांनी किती वर्षे तालीम घेतली, हे नम्रपणे विचारावे. ज्याने खरोखर तालीम घेतली आहे तो आपल्या गुरूविषयी आनंदाने बोलतो, अर्धा तास थांबत नाही! ज्याने चार ठिकाणचे ऐकून उचलले आहे तो विषय बदलतो. एवढी खूण लक्षात ठेवावी.

आता मुख्य पारख. वादक चांगला म्हणजे शिक्षक चांगला, ही समजूत सोडून द्यावी. बुवांचे वादन सप्ताहात ऐकले असेल. आता त्यांची शिकवणी पाहावी. ‘एक दिवस बसून ऐकू का?’ असे विचारावे. जो नाही म्हणतो त्याचे कारण काय ते समजून घ्यावे. बसल्यावर त्यांचा सर्वांत हुशार शिष्य पाहू नये. हुशार पोर कोणाकडेही शिकते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला, मध्यम बुद्धीचा, घरी फारसा कोणी विचारणारा नसलेला मुलगा पाहावा. तो जर सावकाश का होईना पण स्वच्छ ‘धा’ काढीत असेल, त्याची लय पळत नसेल, आणि चुकल्यावर बुवांकडे भिऊन न पाहता पुन्हा सुरुवात करीत असेल, तर त्या घरी विद्या आहे असे समजावे.

आणखी काही गोष्टी तेथेच दिसतील. बुवा बोल आधी तोंडाने म्हणवून घेतात की नाही? हाताने टाळी-खाली दाखवीत ‘धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन’ हा चौतालाचा ठेका बारा मात्रांत नीट म्हणता आला, म्हणजे तो हातात उतरावयास वेळ लागत नाही. याला पढंत म्हणतात. जे तोंडाला येत नाही ते हाताला येत नाही, हा वादकांचा जुना अनुभव आहे. पढंत न करविता पहिल्या दिवसापासून पोराला मृदंगावर बडवावयास लावणारा शिक्षक मुलाला आवडतो खरा, पण दोन वर्षांनी त्याचे हात बसल्यावर ते मोडून पुन्हा बसविणे फार कठीण जाते.

दुसरे, नव्या मुलाच्या हाती बुवा आधी टाळ देतात काय? ज्याला हरिपाठ संपेपर्यंत टाळ एका लयीत धरता येत नाही त्याला मृदंग देणे म्हणजे चालता न येणाऱ्यास पळावयास सांगणे होय. पुष्कळ पालकांना यात अपमान वाटतो. ‘टाळ काय, तो तर आमच्या पोराला येतोच!’ येतो, पण गजर चढला की हात पळतो. आणि लय पळाली की पाऊल चुकते, पाऊल चुकले की खेळणारी सगळी रांग विस्कटते. महिना दोन महिने टाळावर गेले तर ते वाया गेले असे मानू नये.

तिसरे, वाद्याची निगा शिकवितात काय? मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. ती किती मऊ मळावी, किती जाड थापावी, वाळू लागली तर पाण्याचा हात कसा फिरवावा, आणि वाजवून झाल्यावर ती काढून चामडे कसे पुसावे, हे शिष्याला पहिल्याच महिन्यात आले पाहिजे. कणीक कमी-जास्त झाली की खर्ज बिघडतो. उजव्या तोंडाचा सूर गाणाऱ्याच्या षड्जाशी मिळविताना गट्ठे कोणते सरकवावे आणि हातोडी कोठे किती मारावी, हेही तसेच. जो शिक्षक वाद्य स्वतः लावून मुलापुढे ठेवतो आणि त्याला कधीच लावू देत नाही, त्याचा शिष्य पुढे परगावी गेला की बेसूर मृदंगावर तासभर साथ करतो. कान तयार करणे हे शिकवणीचे अर्धे काम आहे.

गळ्याच्या शिकवणीत याहूनही जपावे लागते. मुलाचा आवाज साधारणपणे बाराव्या वर्षानंतर केव्हातरी फुटतो. आपल्या भजनाची पट्टी उंच, आणि कालपर्यंत जो मुलगा सहज वर जात होता त्याला आज तेथे पोहोचता येत नाही. अशा वेळी जाणता गुरू पट्टी उतरवितो, थोडेच गाववितो, उरलेला वेळ पाठांतर आणि ताल यांना देतो. अडाणी गुरू ‘जोर लाव’ म्हणून ओरडतो. या एकाच शब्दाने किती गोड गळे बसले असतील, कोण जाणे! घसा सतत तीन आठवडे बसलेला राहिला तर काढा पुरे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. पेटीवर सूर शिकविणाऱ्याने अधूनमधून तंबोऱ्यावरही बसवावे, असे आमचे मत आहे. पेटीचा सूर तयार मिळतो, तंबोऱ्यात तो शोधावा लागतो. आणि शोधणाऱ्याचा कान तयार होतो.

आता जो विषय लोक टाळतात तो बोलणे भाग आहे. शिकवणीसाठी मूल परक्या घरी किंवा संस्थेत ठेवण्याची आपल्यात जुनी चाल आहे. विष्णुबुवा जोग यांनी 1917 साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तिच्यातून कीर्तनकार-प्रवचनकारांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यानंतर आळंदीस आणि अन्यत्र मुलांना ठेवून घेऊन शिकविणाऱ्या लहानमोठ्या खाजगी संस्थाही पुष्कळ झाल्या. त्यांत चांगल्या पुष्कळ आहेत. पण माळ आणि बुक्का पाहून डोळे मिटून मूल सोपवावे, असे मात्र नाही. मुले कोठे झोपतात, रात्री त्यांच्याजवळ कोण असतो, न्हाणीघर कसे आहे, जेवण काय, आजारी पडल्यास दवाखान्यात कोण नेतो, हे स्वतः आत जाऊन पाहावे. न कळविता भेटावयास येऊ द्याल का, असे विचारावे आणि एकदा खरोखरच न कळविता जावे. मुलाला घरी फोन करता येतो का, आणि तो एकट्याने बोलू शकतो की कोणी जवळ उभे असते, हेही पाहावे. शाळा सुटता कामा नये. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिलेला आहे, आणि मृदंगासाठी तो सोडावा असे कोणताही संत सांगणार नाही.

मारल्याशिवाय विद्या येत नाही, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. छडीच्या धाकाने ठेका पाठ होईल, पण हात आखडतो. आणि आखडलेल्या हाताला नाद येत नाही. हा धर्माचा नव्हे, वाद्याचा नियम आहे. मूल सुट्टीवर आले आणि परत जाण्याचे नाव काढताच गप्प झाले, जेवेना, तर ‘बुवांची निंदा करू नये’ असे म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. जवळ बसवून विचारावे आणि ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावा. अंगाशी गैर वागणूक झाली असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली तो गुन्हा आहे, मग करणारा कितीही मोठा असो. 1098 या क्रमांकावर मुलांसाठी मोफत मदत मिळते. संप्रदायाची बदनामी होईल म्हणून असे प्रकरण झाकणारे लोक संप्रदायाची सेवा करीत नाहीत.

मुलींसंबंधाने वेगळे काय सांगावे? आज पुष्कळ मुली उत्तम मृदंग वाजवितात. बुवांच्या घरी शिकवणी असेल तर दोघीतिघींनी एकाच वेळी जावे आणि दार उघडे असावे. मुलांच्या बाबतीतही हाच नियम चांगला.

पैशाचे बोलणे पहिल्याच दिवशी व्हावे. ‘देवाच्या कामाला काय पैसे’ असे म्हणून दोन्ही पक्ष लाजतात, आणि सहा महिन्यांनी मनात कडवटपणा येतो. महिना किती, आठवड्यातून किती वेळा, एक वेळ किती मिनिटे, बुवा सप्ताहासाठी बाहेरगावी गेले तर त्या वेळा भरून निघणार का, हे स्पष्ट ठरवावे. ज्यांची ऐपत नाही त्यांनी तसे सांगावे. चांगले बुवा गरिबाच्या पोराला विन्मुख पाठवीत नाहीत, पण तेही पोटापाण्याचे धनी आहेत हे आपण विसरू नये. नवे वाद्य घेण्याची घाई नसावी. पहिले वर्ष मंडळाच्या मृदंगावर निघते. लहान मुलाला मोठा शिसवी किंवा खैराचा पखवाज पेलत नाही. हलका आणि हाताला बसणारा पाहावा, आणि तो घेताना बुवांना बरोबर न्यावे.

एवढी पारख करून गुरू मिळाला. आता शिष्याकडे वळू, कारण पुढचे सारे त्याच्या हाती आहे.

शिकवणी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा; रियाज मात्र रोजचा. एकादशीला तीन तास वाजवून बाकीचे दिवस मृदंगाला खोळ घालणारा शिष्य पुढे जात नाही. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. त्यातली पहिली दहा मिनिटे फक्त एकाच बोलाला द्यावीत. ‘तिट’ घ्या. अगदी संथ, दोन्ही अक्षरे सारख्या वजनाची. मग दुगुन. दुगुनीत अक्षर पुसट झाले की पुन्हा संथ लयीवर यावे. वेग हा मागून येणारा पाहुणा आहे, त्याला ओढून आणता येत नाही. आज मोबाइलमध्ये तंबोरा मिळतो, तालाच्या मात्रा मोजणारे यंत्र मिळते, लहरा मिळतो. त्यांचा उपयोग जरूर करावा. स्वतःचे वाजविणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. आपली लय कोठे पळते हे वाजविताना कळत नाही, ऐकताना लगेच कळते. बुवांची परवानगी असेल तर त्यांचा पाठही मुद्रित करावा. मात्र मोबाइलवरचे दहा उस्ताद पाहून दहा तऱ्हेचे हात शिकू नयेत. पहिली तीन वर्षे एकच हात.

एक वही ठेवावी. उजवीकडे बुवांनी दिलेला बोल मात्रा मांडून लिहावा, डावीकडे घरी आलेली अडचण लिहावी. ‘गदि गन पर्यंत येताना डावा हात उशिरा पडतो’ असे नेमके लिहिलेला शिष्य पुढच्या शिकवणीत पाच मिनिटांत मार्गी लागतो. ‘जमत नाही बुवा’ एवढेच म्हणणाऱ्यावर बुवा तरी काय उपाय करणार? येथेच तो मधला मार्ग, प्रश्नाचा, उपयोगी पडतो. चारचौघांत, कीर्तन चालू असता, बुवांना अडवून विचारणे हा उद्धटपणा होईल. शिकवणीत विचारणे हा अभ्यास आहे. मनगट, खांदा किंवा बोटाचा सांधा दुखू लागला तर तेही सांगावे. तळहात लाल होणे निराळे आणि सांधा ठणकणे निराळे. दुसऱ्यात बसण्याची किंवा हात उचलण्याची पद्धत चुकत असते, आणि दुखणे दाबून वाजवीत राहिल्यास ते कायमचे मागे लागते.

साथ ही शेवटी दुसऱ्यासाठी वाजविणे आहे. म्हणून घरी वाजविताना आईला, आजीला अभंग म्हणावयास सांगावे. जात्यावर, शेतात गायलेल्या गळ्याची लय यंत्रासारखी सरळ नसते. ती श्वासाबरोबर मागेपुढे होते. तिला धरून वाजविता आले तर कीर्तनकाराची साथ अवघड नाही. तुकडे आणि परण पाठ झाले की ते कोठेतरी टाकण्याची तरुण वादकाला फार उतावीळ होते. अभंगाचा शब्द चालू असता मृदंग चढला तर श्रोत्याला अर्थ कळत नाही. शब्द संपल्यावर जागा असते, तेथे हवे तेवढे वाजवावे.

दीड-दोन वर्षे प्रामाणिक रियाज करूनही हात पुढे सरकत नसेल, तर काय करावे? आधी बुवांशीच बोलावे. कित्येकदा तेच म्हणतात, ‘आता अमक्याकडे जा, माझ्याजवळचे संपले.’ असे म्हणणारा गुरू धन्य. ते न म्हणतील तर आपण नारळ-उपरणे घेऊन समोर जावे आणि सरळ सांगावे. न सांगता येणे बंद करू नये. गुरू बदलणे हे पाप नव्हे. पंडित भीमसेन जोशी 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. ग्वाल्हेर, जालंधर अशी ठिकाणे हिंडले आणि अखेर आपल्याच भागात, कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारी आले. संतवाणीतून त्यांचा आवाज पुढे घरोघर पोहोचला. पण दार मिळाल्यावर ते वर्षानुवर्षे तेथे राहून, घरची कामे करून शिकले, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. दर सहा महिन्यांनी दार बदलणाऱ्यांनी त्यांचा दाखला देऊ नये.

ज्येष्ठ वद्यात पालख्या निघाल्या की बहुतेक बुवा वारीला जातात आणि शिकवणी आषाढीपर्यंत बंद पडते. हे दिवस शिष्याने रिकामे घालवू नयेत. घरी पेरणी असेल तर रात्री पढंत करावी. त्याला वाद्य लागत नाही. दिंडीत गेला तर विणेकऱ्यांची परवानगी घेऊन मृदंग्याच्या जवळच्या रांगेत टाळ धरावा. कान मृदंगावर ठेवावा आणि चढावर लय कशी सांभाळतात, दमलेल्या मंडळींना गजरात कसे उचलतात, हे पाहावे. मुक्कामाला पोहोचल्यावर मृदंग्याची कणीक काढून तोंड पुसण्याचे काम मागून घ्यावे. पावसात भिजलेले वाद्य चुलीजवळ ठेवू नये, चामडे तडकते. कोरड्या फडक्यात गुंडाळून वाऱ्याशी, सावलीत ठेवावे.